पडद्यावरचे शिक्षण, पोडावरची परीक्षा

ज्ञानाची गंगा दारी आली आहे, असे आज सर्रास म्हटले जाते आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. २०१७ साली ‘स्वयम्’ सुरू झाले. २०२० मध्ये करोनाची साथ पसरताच केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या व्यासपीठावर डॉक्टर, परिचारिका व इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम खुले केले. झरी-जामणीसारख्या आडवळणाच्या तालुक्यातील परिचारिकेला दूरच्या तज्ज्ञाचे व्याख्यान घरबसल्या ऐकता यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तेव्हा या शिक्षणाला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, पडद्यासमोर बसून सार्वजनिक आरोग्याची माहिती मिळते. पण तेवढ्याने ते काम करता येते काय?

३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी, आपल्याच जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे बारा बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. दोघा-तिघांना दोष देऊन हा विषय संपत नाही. कुपीवरचे नाव वाचावे, त्यावरच्या वर्तुळातील चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती कुपी बाद करावी, हे कोणत्याही अभ्यासक्रमात चार मिनिटांत सांगता येते. परीक्षेत ते अचूक लिहिताही येते. परंतु मुलांची रांग वाढते, रडारड सुरू होते, तेव्हा पाठांतर कामी येत नाही. हाताला लागलेली सवयच कामी येते. ही सवय कोणीतरी शेजारी उभे राहून लावावी लागते.

दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा होत असेल तर धोका समजावा. हा आकडा कोणीही पाठ करील. पण कुडाच्या घरात, अंधुक उजेडात, चुळबुळणाऱ्या बाळाचा श्वास मोजणे ही निराळी विद्या आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तेथे नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी स्त्रियांतून आरोग्यसेविका घडवल्या. दोन्हीकडे शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या सोबत होता, हे विसरता कामा नये.

दुसरी अडचण समाजाच्या ओळखीची. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ‘हातमोजे घाला, तोंड झाका’ असे पडद्यावरून सांगणे सोपे आहे. पण उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, रोजंदारीवर पंप पाठीला लावणारा मजूर ते का टाळतो, हे बांधावर गेल्यावाचून कळत नाही. आणि कोलामांच्या पोडावर, बंजारा तांड्यावर प्रमाण मराठीतला पाठ किती पोचतो, याचाही विचार व्हावा.

म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम जरूर असावेत. मात्र त्यांचे निम्मे गुण गावातल्या प्रत्यक्ष कामाला असावेत आणि अनुभवी परिचारिकेची सही झाल्याखेरीज प्रमाणपत्र देऊ नये. तिला या कामाचा वेळ व मोबदलाही मिळावा.

येथे आपण कलाशाखेचे विद्यार्थी हात बांधून का बसावे? आपल्यातच कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणारे मित्र आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडून आपण समाधान मानतो. त्याऐवजी एखादा आरोग्यपाठ या बोलींत नेऊन पोडावर त्याची परीक्षा घ्यावी. पाठ समजला की नाही, हे तेथली आजी आपल्याला ताबडतोब सांगेल.