प्रसादाची गोडी आणि पानातील माधुर्य

भाद्रपदात आमचा मुक्काम मुंबईच्या उपनगरांत असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशी कीर्तने होत जातात. गेल्या वर्षी मुलुंडला एका वृद्ध गृहस्थांनी प्रसादासाठी हात पुढे केला नाही. ‘बुवा, मधुमेह आहे. प्रसाद नाकारल्याचा दोष लागेल का?’ असे त्यांनी खालच्या आवाजात विचारले. सूनबाई लगेच म्हणाल्या, ‘उद्यापासून स्टीव्हियाचे मोदक करते, मग अण्णांनी हवे तेवढे खावेत!’ या ‘हवे तेवढे’विषयीच आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

स्टीव्हिया हे मूळ पराग्वेकडील झुडूप. तेथील ग्वारानी लोक त्याच्या पानांनी पेय गोड करीत. १९३१ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानांतील गोड द्रव्य वेगळे काढले आणि १९७० नंतरच्या दशकात जपानने ते व्यवहारात आणले. ही द्रव्ये साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतात. जठरात व लहान आतड्यात ती पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि उरलेला अंश यकृतातून जाऊन मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणून ती रक्तातील साखर वाढवीत नाहीत. २००८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने त्यांची दैनिक मर्यादा ठरविली : वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या हिशेबाने. भारतात २०१५ साली त्यांना मान्यता मिळाली. मात्र ही मान्यता शुद्ध केलेल्या अर्काची आहे, घरी वाळवून कुटलेल्या पानाची नव्हे.

‘वनस्पतिजन्य आहे, मग भय कसले?’ असे पुष्कळजण म्हणतात. आम्हा कीर्तनकारांना पानातील गोडी नवी नाही. घसा बसला की आम्ही गुंजेचा गोड पाला चघळतो. पण त्याच वेलीचे तांबडे-काळे बी जीवघेणे विषारी असते! तेव्हा ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे निर्धोकतेचा दाखला नव्हे. दाखला परीक्षणानेच मिळतो, आणि स्टीव्हियाच्या अर्काला तो मिळाला आहे, याचा आम्हांस आनंदच वाटतो.

परंतु मोदकात साखर किंवा गूळ तेवढाच नसतो. पारी तांदळाच्या पिठाची असते, आणि त्या पिठाची रक्तात साखरच होते. सारणातील खोबऱ्याचा स्नेहही कोठे जात नाही. काही तयार भुकट्यांत तर वजन भरण्यासाठी पिष्टजन्य पदार्थ मिसळलेले असतात. वेष्टन वाचल्याविना ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली वजन घटविण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असे सुचविले. ती सूचना मधुमेह जडलेल्यांसाठी नव्हती, हे खरे. परंतु त्यांनाही ‘हवे तेवढे’ ही मुभा कोणत्याच संशोधनाने दिलेली नाही.

चरकसंहितेने प्रमेहाची कारणे सांगताना गुळाच्या पदार्थांबरोबर बैठा आराम आणि अतिनिद्रा यांचीही गणना केली आहे. गोडी बदलली आणि बैठक तीच राहिली, तर रोग का हटावा? आज देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. वाचकहो, त्यांतील कोणी ना कोणी आपल्याही घरी असेल.

त्या गृहस्थांना आम्ही सांगितले, ‘अण्णा, नैवेद्य ताटभर असतो, प्रसाद कणभर. तो कण जिभेला लावा, आणि वैद्यांनी तोही वर्ज्य सांगितला असेल तर मस्तकी लावून शेजारच्या बाळाला द्या. दोष लागत नाही.’ सूनबाईंनी स्टीव्हियाचे मोदक अवश्य करावेत. फक्त अण्णांच्या पानात एकच वाढावा.