कान लावून बसलेला डोंगर

तुमच्यापैकी कुणाचा दादा, कुणाची ताई आज जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असेल. त्यांच्याकडे बर्लिनला गेलात तर ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि भिंतीचे उरलेले तुकडे ते तुम्हाला दाखवतीलच. मी आज सांगणार आहे ते ठिकाण मात्र शहराच्या पश्चिम कडेला, ग्रूनेवाल्डच्या जंगलात आहे. नाव टॉयफेल्सबर्ग, म्हणजे सैतानाचा डोंगर. जवळच्या ‘सैतान तळ्या’वरून हे नाव पडलं. डोंगरमाथ्यावर फाटक्या पांढऱ्या कापडाचे मोठमोठे घुमट दिसतात. शीतयुद्धाच्या काळात हे अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्याचं ठाणं होतं आणि तिथलं काम एकच होतं, ऐकणं.

आधी डोंगराविषयी, कारण तोही माणसांनीच केलेला आहे. १९३७ साली हिटलरनं इथे लष्करी तंत्रविद्येच्या महाविद्यालयाची पायाभरणी केली होती. युद्धामुळे इमारत अर्धवट राहिली. युद्धानंतर ती पाडायला घेतली तर सुरुंगांनाही दाद देईना. शेवटी गाडूनच टाकायचं ठरलं. बॉम्बहल्ल्यांत बर्लिनची लाखो घरं पडली होती. त्यांच्या विटा, चुना, फरशा १९५० पासून १९७२ पर्यंत ट्रक भरभरून इथे ओतल्या गेल्या. डोंगर आज समुद्रसपाटीपासून १२० मीटर उंच आहे. वर झाडी माजली आहे, पण पावसानं जिथे माती वाहून गेली आहे तिथे विटांचे, फरशांचे तुकडे डोकावतात. मी एक निळसर तुकडा उचलून पाहिला, कुणाच्या तरी मोरीतला असावा, आणि परत ठेवला.

आता ठाणं इथेच का? पश्चिम बर्लिन म्हणजे चहूबाजूंनी पूर्व जर्मनीनं वेढलेलं बेट. आसपास सगळा सपाट मुलूख, आणि त्यात सोव्हिएत आणि पूर्व जर्मन सैन्याच्या छावण्या. अशा ठिकाणी उंचावर अँटेना लावला की त्यांचे बिनतारी संदेश आयते हाती येणार. १९६१ मध्ये अमेरिकनांनी इथे आधी फिरत्या गाड्या आणल्या, त्याच उन्हाळ्यात भिंत उभी राहिली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पक्कं बांधकाम झालं. घुमटांना रेडोम म्हणतात. रेडिओ लहरी त्यांतून आरपार जातात, पण वारापाऊस आणि बर्फ आत शिरत नाही. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा: आतला अँटेना नेमका कुणाकडे तोंड करून आहे ते बाहेरच्याला कळत नाही. ‘भिंतीला कान असतात’ ही आपली म्हण इथे शब्दशः खरी होती. फक्त कान झाकलेले होते.

एक गंमत सांगतात. दरवर्षी शहरात जर्मन-अमेरिकन जत्रा भरायची आणि तिच्यात मोठा पाळणा लागायचा. तो उभा असताना संदेश जास्त स्पष्ट येतात असं लक्षात आलं, म्हणून जत्रा उठल्यावरही तो काही दिवस तसाच ठेवत. कथा फार चांगली आहे, म्हणून मी ती चिमूटभर मीठ लावूनच घेते.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते तिथे बसणाऱ्या माणसांनी. हजारावर माणसं पाळीपाळीनं, रात्रंदिवस काम करत. त्यांतले कित्येक विशीतले पोरगे. सैन्यात भरती झाल्यावर अमेरिकेतल्या मॉन्टेरे इथल्या लष्करी भाषाशाळेत जवळजवळ वर्षभर रशियन नाहीतर जर्मन घोटायची, मग इथे येऊन कानांना हेडफोन लावायचे. पलीकडे रणगाड्यातला रशियन पोरगा बोलतोय, वरिष्ठांना शिव्या घालतोय, सर्दीनं बेजार झालाय, हे सगळं याला कळणार. आवाजावरून माणसं ओळखू यायला लागणार. पण उत्तर द्यायचं नाही. कधीच नाही. काय ऐकलं ते घरी बायकोलाही सांगायचं नाही.

माझी आजी आठवते. वडोद्याच्या दांडिया बाजारात तिचं सगळं आयुष्य गेलं, पण गुजराती तिच्या जिभेवर कधी चढली नाही. समजायचं मात्र सगळं. शेजारच्या बेन गुजरातीत बोलायच्या, आजी मराठीत उत्तर द्यायची. लोणच्याच्या कैऱ्यांपासून सुनांच्या तक्रारींपर्यंत सगळं चालायचं, आणि त्या दोघींत कधी गैरसमज झाल्याचं मला तरी आठवत नाही. आपण सीमेवरची, परमुलखात रुजलेली माणसं. दुसऱ्याची भाषा आपल्या कानात आधी शिरते आणि मग, मोडकीतोडकी का होईना, तोंडातून बाहेर पडते. एखादी भाषा इतक्या कष्टानं शिकायची आणि तिच्यात समोरच्याला एक शब्दही बोलायचा नाही, हे मला त्या ठाण्यातलं सगळ्यात विचित्र वाटतं. गरज होती हे मान्य. कुठल्या छावणीत काय हालचाल चालू आहे ते ठाऊक असलं की घाबरून चुकीचं पाऊल उचललं जात नाही, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही.

आणि एवढं करून गुपित फुटलं कसं? जेम्स हॉल नावाचा अमेरिकन सैनिक १९८२ ते १९८५ बर्लिनमध्ये याच कामावर होता. तो इथली कागदपत्रं पैशासाठी पूर्व जर्मनीला आणि सोव्हिएत संघाला विकत होता. मध्यस्थ होता हुसेयिन यिल्दिरिम हा तुर्की मेकॅनिक. सैनिक आपल्या मोटारी दुरुस्त करायला जिथे येत त्या अमेरिकन गॅरेजमध्ये तो काम करायचा. १९८८ च्या डिसेंबरमध्ये हॉल पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली. डोंगरावर एवढा अवाढव्य कान, आणि खाली गॅरेजमध्ये काय कुजबुज चालली आहे ते ऐकायला कुणी नाही!

भिंत पडली, सोव्हिएत सैन्य माघारी निघालं आणि १९९२ च्या सुमारास ठाणं रिकामं झालं. यंत्रं गेली, घुमट राहिले. १९९६ मध्ये शहरानं ही जागा बिल्डरांना विकली. हॉटेल, आलिशान फ्लॅट वगैरे बेत होते, ते बारगळले. २००७ मध्ये सिनेदिग्दर्शक डेव्हिड लिंच इथे आपल्या महर्षी महेश योगींच्या नावानं विद्यापीठ काढायला निघाले होते. त्यासाठीच्या सभेत त्यांच्या सोबतच्या वक्त्यानं ‘अजिंक्य जर्मनी’ असा शब्दप्रयोग केला आणि सभागृह खवळलं. कुठे काय बोलावं याचं भान नसलं की असं होतं. तोही बेत बुडाला. मग आले तोडफोड करणारे आणि त्यांच्या मागून भित्तिचित्रं काढणारे. आज प्रत्येक मजला रंगानं भरलेला आहे, तिकीट काढून आत जाता येतं आणि २०१८ पासून ही संरक्षित वास्तू आहे.

माझ्याबरोबर माझ्या बहिणीचा मुलगा होता. तो बर्लिनला शिकतो. मनोऱ्यावरच्या घुमटात शिरल्यावर म्हणाला, “मावशी, काहीतरी बोल ना.” मी नुसतं “काय बोलू?” म्हटलं, तर ते गोल फिरून इतक्या वेळा परत आलं की आम्ही दोघं हसायला लागलो आणि मग ते हसणंही फिरत राहिलं. बाहेर फाटलेलं कापड वाऱ्यावर फडफडत होतं.

जाणार असाल तर पायात चांगले बूट घाला, चढ आहे. आणि उतरताना शेजारच्या द्राखेनबर्गवर जरूर जा. तोही ढिगाऱ्याचाच डोंगर, पण माथा सपाट, आणि तिथे लोक पतंग उडवतात. आमचा भाचा वडोद्याचा, उत्तरायणात गच्चीवर वाढलेला. एकाचा पतंग गोते खाताना दिसताच तो जोरात ओरडला, “काप्यो छे!” पतंगवाल्या आजोबांनी वळून पाहिलं आणि हे काय, म्हणून विचारलं. मग पंधरा मिनिटं भाचा त्यांना जर्मनमध्ये मांजा म्हणजे काय ते समजावत होता, आणि आजोबा आपला पतंग सांभाळून जरा लांब सरकत होते.