टावर चौकातला बाफला आणि आमचे खतखते

उज्जैनला जाणारा गोवेकर महाकालाचे दर्शन घेतो, रामघाटावर क्षिप्रेच्या पाण्यात पाय बुडवतो आणि देवळाजवळच कुठेतरी मसाला डोसा खाऊन परत येतो. त्यात त्याचा दोष नाही. देशभरातून येणाऱ्या भाविकांना ओळखीचे वाटेल असेच जेवण देवळाभोवती जास्त, आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक'चे उद्घाटन झाल्यापासून तिथली गर्दी फारच वाढली आहे. पण माळव्याचे जेवण जेवायचे असेल तर रेल्वेचे रूळ ओलांडून फ्रीगंजात, टावर चौकात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टावर चौक म्हणजे घड्याळाचा मनोरा, भोवती बाजार आणि संध्याकाळी खायला बाहेर पडलेले शहर. इथे यात्रेकरू कमी, गावचा माणूस जास्त. एलटीसी घेऊन आम्ही सहकुटुंब गेलो होतो, तेव्हा तिथल्याच एका गल्लीत जेमतेम सहा टेबलांची खाणावळ सापडली. जवळच्या खेड्यातले कुटुंब ती चालवते. पाटीवर नुसते 'दाल बाफले'. मेनूकार्ड मागितले तर पोरगा हसला.

बाफला म्हणजे काय, ते आपल्या भातखाऊ लोकांना सांगायला हवे. गव्हाचे जाडसर पीठ, त्यात थोडे मक्याचे, ओवा, मीठ, तुपाचे मोहन. घट्ट मळून गोळे करायचे, ते आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि मग भाजायचे. राजस्थानची बाटी थेट निखाऱ्यावर जाते. बाफला आधी पाण्यात उतरतो, म्हणून आतून मऊ राहतो. पानात पडताना फोडून तुपात बुडवायचा. सोबत तुरीची डाळ, कढी, कोथिंबिरीची चटणी, आणि भाजलेल्या गोळ्यांचा चुरा करून वळलेला लाडू. दोन बाफल्यांनंतर मी हात आडवा धरला, तर वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "अभी तो शुरू किया है, भैया!" तिसराही खाल्ला. त्यानंतर ऑफिसात बसायचे नव्हते हे माझे नशीब.

माझ्या लक्षात राहिले ते मात्र शेजारचे टेबल. डोक्याला पंचा गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ, बहुधा बाजारात माल घेऊन आलेले शेतकरी, बाफला फोडून आत बघत होते. मग त्यांनी मालकाला बोलावले आणि आतून नीट भाजला नाही म्हणून सुनावले. गोवऱ्यांवरचा बाफला असा नसतो, हेही ऐकवले. मालकाने वाद घातला नाही. इथे भट्टी आहे, गावी गोवऱ्याच, एवढेच म्हणाला आणि दुसरा बाफला आणून ठेवला. मला त्या खाणावळीचे सगळे रहस्य इथे दिसले. स्वयंपाक्याला पर्यटकाची भीती नव्हती. समोरचा माणूस लहानपणापासून हेच खात आला आहे, आणि तो बोलून दाखवणार, ही भीती होती.

आता आपल्याकडे या. आपली मासळीची थाळी अजून का टिकली आहे? पणजीत किंवा म्हापशात दुपारी एक वाजता कुठल्याही साध्या खाणावळीत डोकावून बघा. कारकून, बँकवाले, रिक्षावाले दाटीवाटीने बसलेले असतात. बांगडा शिळा असेल तर तिथल्या तिथे भांडण होते. हुमणात तेफळ नसेल तर विचारणारा माणूस तिथे आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तो नाही, म्हणून तिथल्या 'गोवन करी'त तेफळही नाही. पर्यटकाला ते कळत नाही, आणि न कळणाऱ्यासाठी कोण कशाला तेफळे शोधत बसेल?

पण थाळीच्या पलीकडचे काय? खतखते, मुगागाठी, उकड्या तांदळाची पेज नि वर खारातली कैरी, मणगणे... अळसांद्याचे तोणाक निदान चहाच्या दुकानात पावाबरोबर भेटते. बाकीच्यांना बाहेर घरच नाही. "ते घरी असतेच की" असे आपण म्हणतो आणि रविवारी बायकोमुलांना घेऊन तंदुरी नि नूडल्स खायला जातो. घरी खरेच असते? नवराबायको दोघे नोकरीला, भाज्या चिरायला तास लागतो. खतखते आता चवथीला, लग्नाला आणि देवळातल्या समाराधनेला. शिवराक माणसाने सोमवारी पणजीत काय जेवावे? पुरीभाजी!

भौगोलिक मानांकने मिळतात, त्याचा मला आनंदच आहे. काजू फेणीला २००९ मध्ये मिळाले, पुढे खोलाच्या मिरचीला नि खाज्यालाही, बेबिंकाला २०२३ मध्ये. पण ही बाटलीत, पिशवीत, डब्यात भरून विकता येणारी वस्तू. पेज डब्यात भरून दिल्लीला पाठवता येत नाही. तिला गरम वाढणारा माणूस आणि रोज येणारे गिऱ्हाईक लागते.

जाता जाता एक आठवण. महाकालाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. म्हणजे आपल्याच कोकणपट्टीतला माणूस. त्यांच्या उज्जैनच्या स्वयंपाकघरात सोले, तेफळे पोचत होती की तेही बाफल्यावर तूप ओतून घेत होते, हे विचारायची मला फार इच्छा आहे. माझा अंदाज दुसरा. नारळाशिवाय माणूस किती वर्षे तग धरणार!

उज्जैनसारख्या, २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहराला शेतावरचे जेवण भर चौकात वाढता येते. साडेचौदा लाखांच्या गोव्याला सोमवारचे खतखते का जमू नये? मला हॉटेल काढायला कोणी पैसे देणार नाही. पण सरकारी कचेऱ्यांत कँटीन असतात, कँटीनची निविदा निघते आणि निविदेत पदार्थांची यादी असते. आमच्या यादीत इडली, वडा, सामोसा, व्हेज पुलाव आहे. त्यात सकाळी पेज आणि सोमवारी खतखते घालावे, दर थाळीइतकाच ठेवावा, अशी दीड पानी टिपणी मी लिहून वर पाठवली आहे. फाईल अजून खाली आलेली नाही. शेजारच्या विभागातल्या दोघांनी मात्र, खतखत्यात मक्याची कणसे घालायची की नाही, यावरून आताच भांडायला सुरुवात केली आहे.