पाटीखालची पाटी

आमच्या घरीं सध्यां मोटारीचें पर्व चालू आहे. नातीला अठरावें वर्ष पुरें झालें, तिनें शिकाऊ परवाना काढला, आणि गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या भूमीवर तांबडें ‘एल’ हें अक्षर झळकूं लागलें. परवान्यापूर्वींच्या परीक्षेंत रस्त्यावरील खुणा ओळखावयाच्या असतात; म्हणून महिनाभर जेवणाच्या पंक्तींत त्यांचीच उजळणी चालली होती. तांबड्या कांठाचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, तांबड्या कांठाचें वर्तुळ म्हणजे निषेध, निळें वर्तुळ म्हणजे अवश्य पाळावयाची गोष्ट, निळा चौकोन म्हणजे माहिती. ऐकून ऐकून धाकट्या नातवासहि हें मुखोद्गत झालें. आम्हीं नातीचें पुस्तक चाळून पाहिलें. चित्रें सुबक आहेत, अर्थ नेमके आहेत. परंतु प्रत्यक्ष रस्त्यावर चित्राच्या खालीं जी एक लहानशी आडवी पाटी असते, तिच्या वांट्यास त्या पुस्तकांत अर्धें पानहि आलेलें नाहीं. ही उणीव आम्हांस फार लागली. कां, तें पुढें सांगूं.

या पाटीस आपण जोडपाटी म्हणूं. तिला स्वतःचा अधिकार नाहीं. नुसतें ‘२०० मी.’ एवढेंच लिहिलेली पाटी खांबावर एकटी टांगली, तर तिचा अर्थ कोणास लागणार? विशेष्यावांचून विशेषण जसें लोंबकळतें, तशी ती लोंबकळेल. परंतु विशेषण लागलें म्हणजे विशेष्य पूर्वीचें राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. वरची खूण काय करावें किंवा करूं नये तें सांगते. कोठून, कोठपर्यंत, केव्हां आणि कोणीं, हें खालची सांगते.

व्हिएन्ना येथें १९६८ सालीं रस्त्यावरील खुणांविषयीं राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, व ज्यांत आपला देश १९८० सालीं सामील झाला, त्यांत या जोडपाट्यांस स्वतंत्र विभाग दिलेला आहे. त्यांतील पहिलाच भेद शिकाऊ चालकानें नीट ध्यानांत घ्यावा. सावधगिरीच्या त्रिकोणाखालीं नुसता अंतराचा आंकडा असेल, तर धोका येथून तितक्या अंतरावर सुरू होतो. त्याच आंकड्याच्या दोहों बाजूंस वर टोंक केलेले बाण असतील, तर धोक्याचा टापूच तितका लांब आहे. घाटांतील नागमोडी वळणांच्या खुणेखालीं ‘२ कि.मी.’ आहे, असें समजा. बाण नसतां वळणें दोन किलोमीटरांनंतर लागतील. बाण असतां तीं दोन किलोमीटर चालतील. बाणांची पाटी बाणांवांचून वाचणारा मनुष्य वळणें अजून दूर आहेत असें समजून ऐन वळणांत गाडी भरधांव सोडतो. रेल्वेच्या फाटकाआधींच्या त्रिकोणाखालीं तर अक्षर नसतें, नुसते तिरपे पट्टे असतात. दोन पट्टे म्हणजे फाटक २०० मीटरांवर, एक पट्टा म्हणजे ५० ते १०० मीटरांवर. नातीला तो आजवर रंगाऱ्यानें काढलेला शोभेचा भाग वाटत होता!

पाणिनीच्या सूत्रपाठांत एका सूत्रांतील पद पुढच्या सूत्रांत न लिहितांहि चालत जातें. त्यास अनुवृत्ति म्हणतात. वाहनें उभीं करण्यास मनाई करणाऱ्या खुणेखालचे बाण हेंच काम करतात. त्या करारांतील रीतीप्रमाणें वर जाणारा बाण म्हणजे मनाईचा आरंभ, दोन्ही टोंकांचा बाण म्हणजे ती अद्याप चालू आहे याची आठवण, आणि खालीं वळलेला बाण म्हणजे तिची समाप्ति. खांबापाशीं पोलीस दिसला नाहीं म्हणजे दोन खांबांच्या मधली जागा मोकळी, अशी कित्येकांची समजूत असते. अनुवृत्ति विसरणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार.

याहून नाजूक गोष्ट दोन लहान शब्दांची आहे, ‘फक्त’ आणि ‘वगळून’. तांबड्या तबकडीखालीं ‘फक्त जड वाहने’ असेल तर ट्रकनें जाऊं नये, आपण खुशाल जावें. ‘जड वाहने वगळून’ असेल तर ट्रकनें जावें, आपण मागें वळावें. एका शब्दानें आज्ञा उलटी होते. शास्त्रकारांनीं उत्सर्ग आणि अपवाद असा जो भेद केला आहे, तोच हा. वरची खूण हा उत्सर्ग. ‘वगळून’ हा अपवाद. आणि अपवादाच्या क्षेत्रांत उत्सर्ग चालत नाहीं. ज्यानें उत्सर्गच तेवढा पाठ केला, त्याचें ज्ञान अर्धें होय.

आतां आमच्या मनास ही गोष्ट इतकी कां लागली, तें सांगितलें पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत पहांटे साडेचारच्या सुमारास आमच्या वडील बंधूंचें तोंड एकाएकीं वांकडें झालें आणि उजवा हात उचलेना. मुलगे दोघेहि परगांवीं होते. सूनबाईला पक्का परवाना मिळून जेमतेम महिना झाला होता. तिनेंच गाडी काढली. मागें अण्णांना धरून वहिनी बसल्या, पुढें सूनबाईच्या शेजारीं आम्ही. इस्पितळाचा सरळ रस्ता ज्या कोंपऱ्यावर फुटतो, तेथें दिव्याच्या झोतांत तांबडी तबकडी व तिच्यावरील पांढरा आडवा पट्टा स्पष्ट दिसला. सूनबाईनें गाडी किंचित् थांबवून आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, “प्रवेश बंद आहे. वळव.” ती कांहीं बोलूं पाहत होती, परंतु आमचा स्वर वर्गांतला होता. तिनें गाडी वळविली. लांबच्या वाटेनें रेल्वेचें फाटक लागलें, तें मालगाडीसाठीं बंद. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटें गेलीं.

तिसऱ्या दिवशीं भाजी आणावयास जातांना आम्हीं ती खूण उजेडीं पाहिली. तबकडीच्या खालीं पांढऱ्या जोडपाटीवर ठळक अक्षरांत लिहिलें होतें, ‘सकाळी ९ ते रात्री ९’. घरीं येऊन सूनबाईस विचारलें, “तुला त्या वेळीं दिसली होती का?” ती म्हणाली, “हो, मामंजी.” याहून अधिक ती तेव्हां बोलली नाहीं, आणि आजतागायत बोललेली नाहीं.

अण्णा वांचले. अंगणांत फिरतात, वर्तमानपत्र वाचतात. परंतु उजव्या हातानें अद्याप घास घेतां येत नाहीं. मेंदूंतील रक्तवाहिनींत गुठळी अडकून हें दुखणें झालें असल्यास ती विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावयाचें असतें, आणि त्यांतहि जितकें लौकर तितकें बरें, असें आम्हीं मागाहून वाचलें. वीस मिनिटांनीं काय झालें असतें, हें डॉक्टरांस विचारण्याचें धैर्य मात्र आम्हांस झालें नाहीं. प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा, असें पस्तीस वर्षें मुलांस सांगणारा मनुष्य दोन ओळींतली एकच ओळ वाचून मोकळा झाला होता.

आमच्या वयाचे जे वाचक गाडींत पुढच्या बाजूस बसतात, त्यांस एक विनंति आहे. चाक ज्याच्या हातीं आहे, डोळे त्याचेच प्रमाण मानावे. आणि घरांतील सुनामुलींनीं अशा वेळीं मर्यादेचा संकोच ठेवूं नये. “खालीं वेळ लिहिली आहे” एवढें म्हणण्यानें वडिलांचा मान जात नाहीं. कायद्यानेंहि खूण पाळण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे, शेजारच्या सासऱ्यावर नव्हे.

वेळेप्रमाणें तारखेच्याहि जोडपाट्या असतात. पुण्यांत कित्येक रस्त्यांवर विषम तारखेस एका बाजूस व सम तारखेस दुसऱ्या बाजूस वाहनें उभीं करण्याची व्यवस्था आहे. एक दिवसाआड बाजू बदलावी, इतकें सोपें गणित म्हणून लोक तें बोटांवर मोजतात आणि फसतात. कारण ३१ तारखेच्या पाठोपाठ १ तारीख येते, आणि दोन्हीहि विषमच! घरोघरीं दिनदर्शिका टांगलेली असूनहि महिनाअखेरीस दंडाच्या पावत्या फाटतात.

खुणेवरील शब्द व आंकडे राज्य सरकारास योग्य वाटेल त्या लिपींत लिहितां यावे, अशी मुभा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील ११६ व्या कलमांत आहे. अक्षरांचा आकार व रंग मात्र मूळ अक्षरांसारखा पाहिजे. पाटी आपल्या लिपींत असणें हें आम्हांस प्रियच आहे. तथापि धांवत्या गाडींतून आपला १ आणि ९ यांची फसगत सहज होते, म्हणून शिकाऊ चालकानें आंकडा विशेष निरखून वाचावा.

परवां नातीनें विचारलें, “आजोबा, खालची पाटी झाडाच्या फांदीनें झांकली असली तर?” प्रश्न चांगला होता. आम्हीं सांगितलें, वर निषेध असेल तर तो पुरा आहे असें धरून चालावें. वर परवानगी असेल तर ती पुरी आहे असें मात्र धरूं नये. अपवाद आहे कीं नाहीं हें कळल्यावांचून सवलत घ्यावयाची नाहीं. आणि शक्य असेल तेथें गाडी कडेस घेऊन, खालीं उतरून वाचावें.

त्याच दिवशीं सायंकाळीं बाजारांत वाहनतळाच्या निळ्या खुणेपाशीं तिनें गाडी उभी केली. गाडी शिकविणारे गृहस्थ तिच्या शेजारीं होते, आम्ही मागें होतों. जोडपाटीवर कोणीतरी शिकवणीच्या वर्गाचें पत्रक चिकटविलें होतें. ती उतरली, नखानें पत्रक सोलूं लागली. आम्ही बोललों नाहीं. खालून ‘फक्त दुचाकी’ अशीं अक्षरें निघालीं. तिनें गाडी सुरू करून पुढच्या गल्लींत नेली.