दत्तक घेतल्यानंतरचे काय?

दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांसंबंधीचा आपला आधीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी बदलला, तेव्हा सारी चर्चा कुत्री रस्त्यावर सोडावीत की निवाऱ्यात कोंडावीत, याभोवतीच फिरत राहिली. त्या गदारोळात एक तरतूद मागे पडली. प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेता येईल. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्यांचीच राहील. जबाबदारी सांगितली गेली. ती पेलण्याचे शिक्षण कोणी द्यावयाचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

रस्ता सुटला म्हणजे मुका जीव सुरक्षित झाला, ही समजूत भ्रामक आहे. घरातील अनेक अपघात क्रौर्यातून नव्हे, तर मायेतून घडतात. तापलेल्या मांजराला कोणी पॅरासिटामॉलची गोळी देतो. ती पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नसल्याने अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे व मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, तर लिलीचे फूल मांजराची. चॉकलेटही कुत्र्याला विषच.

उंदीर मारण्याच्या औषधाची कथा अधिक दारुण आहे. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया थांबते, परंतु लक्षणे दिसू लागण्यास काही दिवस लागतात. वेळीच ‘के’ जीवनसत्त्व दिल्यास प्राणी वाचतो. पण तो धडधाकट दिसतो म्हणून मालक स्वस्थ बसतो. झिंक फॉस्फाइडवर तर उताराच नाही. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय स्वतःच घातक ठरू शकतो. विषाचे वेष्टन घेऊन तत्काळ पशुवैद्य गाठणे, हाच खरा मार्ग होय.

भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये प्राण्याला विष घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि कायदा दुष्टाव्याला शासन करतो. अज्ञानावर त्याच्यापाशी औषध नाही.

ते औषध दुर्मिळ मात्र नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७८ सालापासून प्राण्यांच्या विषबाधेवर दूरध्वनीने सल्ला मिळू लागला. माणसांसाठी असे केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून आहे. १८८६ पासून पशुवैद्यक शिकविणारे महाविद्यालय ज्या मुंबईत आहे, त्या महाराष्ट्राला ही सेवा जड जाऊ नये. दत्तकपत्रासोबत घातक वस्तूंची मराठी यादी आणि पहिल्या महिन्यात पशुवैद्याची एक भेट, एवढे तरी पालिकांनी करावे.

माणसांनाच जेथे वेळेवर उपचार मिळत नाहीत, तेथे कुत्र्यांचे हे लाड कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या जमिनीवर कुत्रे हुंगत फिरते, तिच्यावरच मूलही रांगते. विषाची डबी उंच फळीवर गेली तर दोघेही वाचतात. शिवाय गोंधळलेल्या पालकाने टाकून दिलेले जनावर अखेर रस्त्यावरच येते, आणि मग त्याचा भार साऱ्या गावाला वाहावा लागतो. दत्तकविधान हा एका दिवसाचा सोहळा असतो. सांभाळ मात्र रोजचा असतो. तो शिकविण्याची जबाबदारी आता शासनाने उचलावयास हवी.