घर दिंडोशीत, उपचार परळला

दिंडोशीतल्या एखाद्या सोसायटीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कॅन्सर निघाला, की पहिल्या आठवड्यात जिन्यात, लिफ्टमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाक्य फिरतं: ‘काही लागलं तर सांगा हं.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण एवढं म्हणून तो मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम येऊन पडतं. काय लागेल ते त्यानेच ओळखायचं, कोणाचं दार वाजवायचं ते ठरवायचं, संकोच गिळून मागायचं, आणि ‘नेमकं आजच जमत नाही हो’ हेही हसून ऐकून घ्यायचं. ज्या बापाला उद्या सकाळी सातला परळला हजर व्हायचंय, त्याच्याकडून ही अपेक्षा! तो अर्थातच काही सांगत नाही. सहा महिन्यांनी आपणच एकमेकांना म्हणतो, ‘कधी काही मागितलं नाही बघा त्यांनी, फार स्वाभिमानी माणसं.’

माझं भांडण या वाक्याशी आहे, आणि त्याला टेकू देणाऱ्या काही समजुतींशीही.

त्यातली सगळ्यात भक्कम दिसणारी समजूत म्हणजे ‘आता सगळी सोय झाली आहे.’ कॅन्सरवर उपचार करणारं टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत वाढलं आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, ट्रस्ट आहेत. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेमकं करायचं काय? हा पूर्वपक्ष उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यातलं प्रत्येक विधान खरं आहे. पण या सोयीतला राहण्या-जेवण्याचा भाग कोणासाठी उभा राहिला ते पाहा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूडची केंद्रं ही बिहार-बंगालहून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांसाठी आहेत. सेंट ज्यूडमध्ये कुटुंबाला खोली मिळते, स्वयंपाकाला जागा मिळते, रुग्णालयापर्यंत गाडी मिळते. शिवाय शेजारच्या खोलीत केमोचं वेळापत्रक पाठ असलेली दुसरी आई असते, आणि तिचं मोल पैशात होत नाही. दिंडोशीच्या कुटुंबाला तिथे प्रवेश नाही, नसावाच. त्यांचं मुंबईत घर आहे.

हे घर म्हणजे काय? टेकडीच्या उतारावरची इमारत, तिथून गोरेगाव किंवा मालाड स्टेशनपर्यंत बस नाहीतर रिक्षा, मग अठरा-वीस किलोमीटर लोकल, आणि पुढे पुलावरची गर्दी. सोबत पांढऱ्या पेशींचा काउंट खाली गेलेलं मूल, ज्याला डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितलं आहे. कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, पण केस गळण्याआधीच्या दिवसांत धडधाकट दिसणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला त्या डब्यात कोणकोणत्या नजरा झेलाव्या लागत असतील, याची कल्पना करा. मेट्रो दिंडोशीला आली खरी, पण ती गुंदवलीला उतरवते. परळ तिथून बरंच लांब. दूरगावाहून आलेल्या आईच्या भोवती निदान तिच्यासारखी चार माणसं असतात. दिंडोशीतल्या आईच्या वाट्याला ‘काही लागलं तर सांगा’ येतं.

राहणं, जेवण, प्रवास या गोष्टी किरकोळ आहेत आणि खरं काम औषध करतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी टाटाच्याच बालकर्करोग विभागाकडे पाहावं. २००९ च्या सुमारास तिथे आलेल्या पाच मुलांपैकी जवळजवळ एक मूल उपचार घ्यायलाच नकार देत असे किंवा मध्येच सोडून जात असे. मग ‘इम्पॅक्ट’ या नावाने रुग्णालयाने आधाराची एक रचना उभी केली. पैशांची तजवीज, राहायची जागा, पोषण, समुपदेशन, आणि ठरल्या तारखेला न आलेल्या कुटुंबाला फोन करून गाठणं. काही वर्षांतच हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. अर्धवट सोडलेला उपचार कॅन्सर बरा करत नाही. म्हणजे डाळ-तांदूळ, खोली आणि एक फोन यांनीही मुलं वाचली. दिंडोशीतलं कुटुंब कदाचित उपचार सोडणार नाही. पण बापाची रजा संपते, आईची नोकरी सुटते, धाकटीची शाळा बुडते, आणि माणसं आतून दमत जातात.

दुसरी समजूत जास्त सभ्य आहे. ‘त्यांचा खाजगी मामला आहे, आपण कशाला डोकवायचं?’ या आक्षेपापुढे मी थोडा नमतो. मुलीचं दुखणं बाहेर कळलं तर पुढे लग्नाचं काय, ही धास्ती आजही घराघरांत आहे. ती चुकीची आहे असं सांगून ती जात नाही. कोणाला कळावं हे त्या घरानेच ठरवायचं, आणि मूल तेरा वर्षांच्या पुढचं असेल तर त्यालाही विचारून. टक्कल पडलेल्या पोराचा फोटो मदतीच्या आवाहनासोबत साठ ग्रुपांवर फिरवणाऱ्यांनी त्याला विचारलेलं असतं का? त्याच्या वर्गातली मुलंही त्याच ग्रुपांवर असतात. पण खाजगीपणाचा मान राखणं आणि पाठ फिरवणं यांत फरक आहे. डबा पोचवायला आजाराचं नाव कळावं लागत नाही. लिफ्ट दुरुस्त करायला बायॉप्सीचा रिपोर्ट लागत नाही.

‘मुलाला सांगू नका’ हा याच समजुतीचा भाऊबंद. सांगू नका म्हणणारे काका-मामा विसरतात, की पोराच्या हातात फोन आहे आणि टाटाच्या फाटकावरची पाटी त्याला वाचता येते. ‘श्वास’ हा मराठी चित्रपट २००४ साली गावोगाव पाहिला गेला. त्यातला डॉक्टर लहानग्या परशाला त्याची दृष्टी जाणार हे ऑपरेशनआधी कळलंच पाहिजे यावर अडून बसतो, आणि ते कसं सांगायचं या कोंडीत आजोबा सापडतात. तो चित्रपट पाहून डोळे पुसणारा समाज घरी आल्यावर सोळा वर्षांच्या मुलापासून फाइल लपवतो. वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत तर काही प्रश्न पहिल्या केमोच्या आधीच विचारावे लागतात. पुढे मूल होण्याची क्षमता राखायची तर वीर्य साठवण्यासारखे निर्णय तेव्हाच घ्यायचे असतात. ज्याला काही सांगितलंच नाही, त्याच्याशी हे कसं बोलणार?

उपाय सुचवणाऱ्यांबद्दल थोडक्यात. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र, कोणा वैद्यांची पुडी. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या मुलाला न शिजवलेला कच्चा रस पाजणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण, आणि पुडीत काय आहे ते केमो देणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसतं. प्रेमापोटी दिलं तरी ते यकृतातूनच जातं.

आणि ते ‘तू फायटर आहेस’! युवराज सिंग २०१२ मध्ये उपचार संपवून पुन्हा भारताकडून खेळला, याचा आनंद मलाही झाला. पण रोज त्याचं उदाहरण ऐकणाऱ्या मुलाचा आजार उलटला, तर तो कमी लढला असा अर्थ त्याने काढायचा का? पेशींच्या वागण्याचा हिशोब पोराच्या जिद्दीवर का टाकता? त्याला रडू द्या, चिडू द्या, मोबाइलवर गेम खेळत पडू द्या.

मग करायचं काय, हे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे. माझं म्हणणं असं: मदतीची भावना पुरे झाली, आता मदतीची वाटणी करा. दिंडोशीला हे कोणी नव्याने शिकवायला नको. मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या पुढाकाराने इथे नागरी निवारा परिषदेची सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली, ती सभा, सभासद, हप्ते आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांच्या जोरावर. गणपतीत वर्गणीपासून विसर्जनाच्या ट्रकपर्यंत प्रत्येक काम कोणाचं ते इथे ठरलेलं असतं. तेव्हा कोणी मंडळाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत नाही.

सुरुवात लिफ्टपासून करावी. हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा, नेमका उंची वाढण्याच्या वयात जास्त दिसतो. पायाचं ऑपरेशन झालेल्या मुलीचं घर एसआरएच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट देखभालीचं बिल थकल्यामुळे बंद असेल, तर सोसायटीने पाठवलेल्या फळांच्या करंडीला काय अर्थ? टाकी वेळेवर धुवा. जिन्यातलं डेब्रिज उचला, कारण बांधकामाच्या धुळीतली बुरशी पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाच्या फुप्फुसात घर करते. शेजारच्या फ्लॅटमध्ये तोडफोड काढायची असेल तर त्या घराशी बोलून तारीख ठरवा.

मग ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी तळाला असतात आणि थर्मामीटरवर शंभर पॉइंट चार दिसलं की ती तातडीची वेळ असते. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. हा ताप रात्री दीडलाही येतो, ओला मिळत नाही तेव्हा. गाडी असलेल्या चार घरांनी रात्री वाटून घ्याव्यात आणि ज्याची पाळी त्याने फोन उशाशी ठेवावा. एवढंच.

रक्ताच्या बाबतीत तर आपला उत्साहच आड येतो. बॅनर लावून एका रविवारी शिबिर होतं, साठ जण रक्त देतात, नगरसेवकासोबत फोटो निघतात. रक्तपेढीला त्याचा उपयोग होतो, वाद नाही. पण या मुलाला अनेकदा लागतात त्या प्लेटलेट, एकाच दात्याच्या यंत्रावर काढलेल्या, ज्याला रुग्णालयात एसडीपी म्हणतात. त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, म्हणजे साठवून ठेवता येत नाहीत. आणि शिबिरात पिशवीभर रक्त दिलेला माणूस पुढचे २८ दिवस एसडीपी देऊ शकत नाही. एका रविवारच्या कौतुकापायी आख्ख्या इमारतीचे दाते महिनाभर बाद! त्यापेक्षा रक्तगटासह पंधरा जणांची यादी करा, दर वेळी दोघांनाच बोलवा, त्यांच्या ऑफिसात आधी बोलून ठेवा, कारण परळला जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी हेही यादीत लिहा.

धाकट्या भावंडाकडे कोणाचंच लक्ष नसतं. आई-बाप परळला आणि हे आठवीतलं पोर घरी एकटं मॅगी खातं. त्याची शिकवणी, त्याचा डबा, त्याची पालकसभा हे एका घराने कायमचं अंगावर घ्यावं. पैसे द्यायचे तर एकरकमी पाकिटापेक्षा दरमहा ठरलेली रक्कम द्या, आणि त्यांनी गोव्याला दोन दिवस जाऊन आल्याचं कळलं तर हिशोब मागू नका.

‘धावपळीच्या मुंबईत हे कोणाला जमणार?’ हा शेवटचा आक्षेप. पण ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठीच पाळ्या असतात. वीस घरांत कामं वाटली तर एका घराला महिन्याला एखादं काम येतं. खरी अडचण वेळेची नाही, चिकाटीची आहे. मुलांमधल्या सर्वांत नेहमीच्या रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पहिल्या महिन्यात डब्यांचा ढीग येतो, आठव्यात कोणी येत नाही, आणि उपचाराचा ‘मेंटेनन्स’चा लांब टप्पा सुरू झाला की सगळ्यांना वाटतं पोरगं बरं झालं. तेव्हाच ते दहावीचा फॉर्म भरत असतं, बोटांना केमोने बधिरपणा आलेला असतो, आणि जुने मित्र एक इयत्ता पुढे गेलेले असतात. म्हणून सोसायटीच्या येत्या सभेत हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलू नये. लिफ्टच्या बिलानंतर लगेच घ्यावा, नावं वहीत लिहावीत, आणि वही ठेवायची जबाबदारी त्या कुटुंबाकडे नव्हे, सेक्रेटरीकडे द्यावी.