संक्षेपांची किल्ली

चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव घेतले की उन्हाळ्याची काहिली आधी आठवते. तथापि मार्गशीर्ष-पौषात येथील जंगलपट्टा पहाटे चांगलाच गारठतो. घरात तान्हे बाळ येणार असेल तर दिवाळी सरताच लोकरीचे गुंडे आणि सुया बाहेर निघतात. जवळ जाणती आजी असेल तर अडचण नसते. अहेरी किंवा सिरोंच्यासारख्या दूरच्या गावी दुकानानिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबातील सुनेला मात्र छापील नमुना हाच गुरू. त्याची पहिलीच ओळ तिला अडविते : के २, पी २, वाय ओ, के टू टॉग. इंग्रजी येत असूनही अर्थ लागत नाही.

वास्तविक संक्षेप व्यापारी घरांना नवे नाहीत. जुन्या वहीत 'ह.' म्हणजे हस्ते आणि 'मि.' म्हणजे मिती. 'सुदी' आणि 'बदी' हे शब्दसुद्धा मुळात शुक्ल दिवस आणि बहुल दिवस यांचे संक्षेपच होत. ज्याला सांकेतिक अक्षरांचा अर्थ ठाऊक, त्यालाच वही वाचता येते. विणकामाचेही तसेच आहे.

'के' म्हणजे निट, अर्थात सुलट टाका. 'पी' म्हणजे पर्ल, अर्थात उलट टाका. पुढचा अंक टाक्यांची संख्या सांगतो. के २, पी २ म्हणजे दोन सुलट, दोन उलट. 'वाय ओ' म्हणजे सुईवर धागा घेणे. यात एक टाका वाढतो आणि जाळीचे छिद्र पडते. 'के टू टॉग' म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणणे. यात एक टाका घटतो. म्हणून जाळीच्या नमुन्यात ही दोन अक्षरे बहुधा जोडीने येतात. एक जमा, एक नावे; ओळीच्या शेवटी टाक्यांची संख्या तीच राहते. ती जुळत नसेल तर चूक त्याच ओळीत शोधावी. दहा ओळींनंतर शोधू गेल्यास सारे उसवावे लागते.

'पी एस एस ओ' हे लांबलचक अक्षरसमूह पाहून पुष्कळ जणी नमुना मिटून ठेवतात. त्याचा अर्थ इतकाच : एक टाका न विणता उचलावा, पुढचा सुलट विणावा आणि उचललेला टाका त्यावरून ओलांडून सोडावा. यानेही एकच टाका घटतो. परंतु घट डावीकडे कलते, तर 'के टू टॉग'ची उजवीकडे. गळ्याच्या दोन्ही बाजू समान दिसाव्यात म्हणून दोन्ही रीती लागतात. दोन तारकांमधील मजकूर पुन्हा पुन्हा विणावयाचा असतो. कंसातील आकडे मोठ्या मापांचे असतात. आपल्या मापाचे आकडे आरंभीच पेन्सिलीने अधोरेखित करावेत.

खरा धोका मात्र ओळखीच्या वाटणाऱ्या अक्षरांत असतो. एडिंबरो येथील जेन गोगेन यांनी १८४० साली विणकामाचे पुस्तक प्रसिद्ध केले. नमुने संक्षेपांत मांडण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता. त्यात 'पी' हे अक्षर साध्या, म्हणजे सुलट टाक्यासाठी होते. आज तेच अक्षर उलट टाक्यासाठी वापरतात. क्रोशेकामात तर आजही मतभेद आहे : ब्रिटिश नमुन्यातील 'डी सी' हा आखूड टाका, तर अमेरिकी नमुन्यातील 'डी सी' हा उंच खांब. सुयांच्या क्रमांकांचीही तीच गत. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या ब्रिटिश मोजणीत १० क्रमांकाची सुई ३.२५ मिलिमीटर जाडीची असते. अमेरिकी मोजणीत १० क्रमांक म्हणजे ६ मिलिमीटर. म्हणून नमुना कोणत्या देशाचा आहे हे आधी पाहावे आणि सुई मिलिमीटरांवरूनच निवडावी.

'टेन्शन' हा शब्दही येथे चिंतेचा नाही. ठरावीक लांबीत किती टाके बसतात, याचे ते माप आहे. नमुन्याने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके सांगितले असतील तर ११० टाक्यांचा पल्ला ५० सेंटिमीटर भरतो. आपला हात सैल असून २० टाकेच बसत असतील तर तोच पल्ला ५५ सेंटिमीटर होतो. तळहाताएवढा तुकडा आधी विणून मोजला तर हा फरक वेळीच कळतो. लोकरही एकाच लॉटची आणि पुरेशी घ्यावी. अर्धे काम झाल्यावर त्याच छटेचा गुंडा मिळेलच असे नाही.

छापील नमुन्याच्या आरंभी संक्षेपांची यादी असते; तीच त्याची किल्ली. घरातील आजीच्या वहीला मात्र अशी किल्ली बहुधा नसते. तिने 'सु', 'उ', 'ए' असे लिहून ठेवलेले असते आणि अर्थ तिच्या बोटांत असतो. 'ए' म्हणजे एकत्र की एक, हे तिच्यावाचून कोण सांगणार? जुना मुनीम गेल्यावर वही उरते. पण तिच्यातील खुणा मुक्या होतात. तसे घडू नये यासाठी आजीजवळ एक दुपार बसावे, वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून घ्यावा आणि तिच्याकडून एकेक ओळ विणवून घेऊन तो पडताळावा. स्वेटर दोन-तीन हिवाळे टिकेल. ते पान असेल तर पुढच्या बाळासाठीही तो पुन्हा विणता येईल.